गाडी बदलली, तिकीट तेच

दिवाळीला घरी माणसे येतात, आणि त्यांच्या पिशव्यांतून नुसता फराळच नाही, विषयही येतात. २०२५ च्या दिवाळीत ताई आणि तिचा मुलगा पुण्याहून रोहण्याला आले, तेव्हा असाच एक विषय आमच्या ओसरीवर येऊन बसला आणि भाऊबीज होईपर्यंत उठला नाही. विषय होता सर्व्हरच्या प्रोसेसरचा. मराठीच्या प्राध्यापकाचे या विषयाशी काय काम, असे वाचक विचारतील. मीही तेच विचारत होतो. पण विषय काढला आमच्या आबांनी, आणि आबा ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा मला पळायला वाट राहिली नाही.

आबा म्हणजे माझे वडील. पुलगावच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. भाच्याने त्यांना परतीच्या गाडीचे तिकीट मोबाइलवर दाखवले. आबांनी चष्मा कपाळावर सारून तो दहा आकडी पीएनआर क्रमांक मोठ्याने वाचला. क्रमांक आठाने सुरू होत होता. भाचा म्हणाला, "आबा, आपल्या मध्य रेल्वेच्या गाडीचं तिकीट काढलं की नंबर बहुधा आठ किंवा नवानं सुरू होतो. म्हणजे त्या गाडीचा हिशेब मुंबईच्या केंद्रात आहे. दिल्ली, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद यांचे आकडे वेगळे."

ही माहिती आबांना मनापासून आवडली. हिशेब कुठल्या वहीत आहे हे कळले की हिशेबनिसाला बरे वाटते. पण लगेच त्यांच्या कपाळावर आठी चढली. "पेपरात होतं की रिझर्वेशनची जुनी यंत्रं काढून नवी बसवणार. तुझं तिकीट जुन्या यंत्रानं दिलेलं. उद्या नवं आलं अन् म्हणालं, हे तिकीट आम्ही दिलंच नाही, तर?"

मला वाटले भाचा हसेल. तो हसला नाही. "आबा, आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. याचं उत्तर द्यायलाच मला पगार मिळतो."

भाच्याची नोकरी अशी: मोठमोठ्या संस्थांचे हिशेब वर्षानुवर्षे एका जातीच्या सर्व्हरवर चाललेले असतात. पुढे त्या जातीचे प्रोसेसर निघायचे बंद होतात. मग तो सारा संसार उचलून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर मांडायचा, आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही.

"त्यात एवढं अवघड काय?" आबांनी विचारले. "नवं यंत्र जुन्यापेक्षा हुशार असेल ना? ठेवा त्याच्यावर जुना प्रोग्रॅम."

भाचा मोठमोठे शब्द काढण्याच्या बेतात होता. मी त्याला थांबवले, कारण याचे उत्तर आबांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिले होते. मी म्हटले, "आबा, आर्वीची गाडी आठवा."

वाचकांपैकी ज्यांना आमचा वर्धा जिल्हा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुलगावाहून आर्वीला १९१७ साली एक नॅरोगेज रेल्वे सुरू झाली. लांबी अवघी ३५ किलोमीटर, दोन रुळांत अंतर अडीच फूट. आमचे रोहणा याच वाटेवरचे स्टेशन. पुलगावला मात्र मुंबई–नागपूर मार्गाचे रूळ होते साडेपाच फुटांचे. छोट्या गाडीने कापसाच्या गाठी पुलगावपर्यंत येत, पण तिचा डबा मोठ्या रुळांवर चढत नसे. डब्यात कितीही चांगला माल असो, त्याच्या चाकांतले अंतर अडीच फूट होते आणि मोठ्या रुळांना त्याची ओळख नव्हती. म्हणून गाठी उतरवायच्या, मोजायच्या, दुसऱ्या गाडीत भरायच्या आणि पुन्हा मोजायच्या.

प्रोसेसरचे तसेच आहे. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरला ठरावीक आज्ञा कळतात. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्याकडे जातो तो त्या आज्ञांत रूपांतरित होऊन. हे रूपांतर करणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. एकदा रूपांतर झाले की तो प्रोग्रॅम अडीच फुटी चाकांचा डबा झाला. दुसऱ्या घडणीचा प्रोसेसर कितीही वेगवान असो, त्याचे रूळ वेगळे. माल उतरवून पुन्हा भरण्याखेरीज गत्यंतर नाही.

आबांनी मान हलवली. "अन् उतरवताना एखादी गाठ कमी भरली तर?" हमालीच्या हिशेबातला तो जुना प्रश्न होता. भाचा म्हणाला, "तिथंच आमच्या झोपा उडतात."

रेल्वेच्या आरक्षणाची ही गाठोडी याआधीही उतरली आणि चढली आहेत. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक गाडीची जाडजूड नोंदवही असे, ती ज्या बाबूसमोर असेल त्याच्याच खिडकीपुढे रांग धरावी लागे, आणि परतीच्या बर्थसाठी दुसऱ्या स्टेशनाला तार जाई. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले. तो प्रोग्रॅम सीएमसी या सरकारी कंपनीने तयार केला होता, आणि यंत्रे होती अमेरिकेच्या डिजिटल कंपनीची, व्हॅक्स नावाची. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथे तशीच केंद्रे झाली. पण ती पाच घरे वेगवेगळी होती. १९८६ साली स्थापन झालेल्या क्रिस या रेल्वेच्याच संस्थेने नवा प्रोग्रॅम रचला. त्याचे नाव कॉन्सर्ट. १९९४ साली तो प्रथम सिकंदराबादला बसला, आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. पुलगावच्या खिडकीवरून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचा बर्थ मिळू लागला तो या जोडणीमुळे.

या काळात यंत्रांची जात मात्र स्थिर राहिली नाही. व्हॅक्स १९७७ साली बाजारात आले होते. १९९२ साली डिजिटलने अल्फा नावाचा अगदी वेगळ्या घडणीचा प्रोसेसर काढला. १९९८ साली ती कंपनी कॉम्पॅक ने घेतली. २००१ साली कॉम्पॅकने जाहीर केले की अल्फाचा वंश पुढे वाढणार नाही, आता इंटेलचा इटेनियम. २००२ साली कॉम्पॅकच एचपीत विलीन झाली. आरक्षणाचे बिऱ्हाडही व्हॅक्सवरून अल्फावर आणि अल्फावरून इटेनियमवर गेले. २०२५ साली संसदेत सरकारने सांगितले की तेव्हाची आरक्षण व्यवस्था २०१० साली बसवलेली असून ती इटेनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएस यांवर चालते, आणि ती बदलून नवी उभारण्याचे काम हाती घेतले आहे. मिनिटाला सुमारे पंचवीस हजार तिकिटे ही तिची क्षमता. नवी त्याच्या चौपट करायची. पेपरातली बातमी ती हीच.

"पण इटेनियम काय वाईट होतं?" ताईने स्वयंपाकघरातून विचारले. चकलीच्या सोऱ्याशी झटापट चालू असतानाही तिचे लक्ष बाहेर होते. आणि मग भाच्याने जे समजावून सांगितले ते त्याच स्वयंपाकघराच्या भाषेत.

व्हॅक्स म्हणजे जुन्या वळणाची स्वयंपाकीण. तिला "पुरण करा" एवढे म्हटले की पुरे. डाळ शिजवण्यापासून वाटण्यापर्यंत सारे त्या एका आज्ञेत आले. सांगणाऱ्याला सोपे, पण प्रत्येक मोठ्या आज्ञेची फोड करण्यात तिचा वेळ जाई. अल्फाला लहान लहान आज्ञाच कळत: डाळ उचल, पाणी घाल, झाकण ठेव. पण तिचे हात विजेसारखे चालत. इटेनियमची तऱ्हा तिसरीच. तिच्यासाठी आदल्या रात्रीच यादी करून ठेवायची: ही तीन कामे एकदम, मग ही दोन एकदम. ही यादी करायची कंपायलरने. यादी नेमकी जमली तर काम झपाट्याने होई. पण ऐनवेळी दूध यायला उशीर झाला, की यादीबरहुकूम चालणारी ती बाई हात बांधून उभी राही. आणि व्यवहारात दूध रोजच उशिरा येते. याउलट आपल्या साध्या संगणकांतून वाढलेली एक्स८६ ही जात प्रसंग पाहून कामे पुढेमागे करणारी. तीच स्वस्त झाली, तिचाच प्रसार झाला. इटेनियमला गिऱ्हाईक मिळेना. २०२१ च्या जुलैत इंटेलने शेवटचे इटेनियम पाठवले आणि ते दुकान बंद केले.

"म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं," आबा म्हणाले, "बनवणारा उठून गेला."

एवढ्या मोठ्या गोष्टीचे एवढे थोडक्यात सार मी तरी काढू शकलो नसतो. चालते यंत्र का बदलायचे, याचे उत्तर हेच. सुटा भाग मिळेनासा होतो, दुरुस्ती करणारा मिळेनासा होतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे जाणणारा मिळेनासा होतो. आम्हा मराठीवाल्यांना हे दुःख नवे नाही. मोडीतले कागद दप्तराखान्यांत आहेत, शाईही शाबूत आहे. वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. प्रोग्रॅम लिहिणारा निवृत्त झाला आणि मागे नुसता चालणारा प्रोग्रॅम राहिला, की त्याचे मोडी होते. चालतो आहे तोवर कुणी हात लावत नाही. आणि हात लावायची वेळ येते तेव्हा विचारायला माणूस उरत नाही.

स्थलांतराचे मार्ग तीन, भाचा म्हणाला. प्रोग्रॅमचा मूळ लेख जवळ असेल तर नव्या प्रोसेसरच्या कंपायलरकडून त्याचे पुन्हा रूपांतर करायचे. मूळ लेख हरवला असेल, आणि तो पुष्कळदा हरवलेला असतो, तर जुन्या आज्ञांचा नव्या आज्ञांत अनुवाद करणारा दुभाषा ठेवायचा. डिजिटलने व्हॅक्सहून अल्फाला येणाऱ्यांसाठी असा दुभाषा दिला होता. तिसरा मार्ग म्हणजे सारेच नव्याने लिहिणे. पहिला मार्ग स्वस्त, दुसरा तात्पुरता, तिसरा महाग आणि धोक्याचा. कारण जुन्या प्रोग्रॅममध्ये तीस वर्षांचे शहाणपण मुरलेले असते आणि ते कुठेही लिहून ठेवलेले नसते.

"पहिला मार्ग घेतला तरी फसतो माणूस," तो म्हणाला, आणि त्याने आपली फजिती सांगितली. एका संस्थेच्या खात्यांची जुन्या सर्व्हरवरून नव्यावर चाचणीपुरती नक्कल केली. प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. पण एका खात्यात शिल्लक होती एक रुपया, आणि नवे यंत्र दाखवू लागले १,६७,७७,२१६ रुपये!

आबा ताठ बसले. "चोरी?"

"नाही आबा. आकडा तोच होता, वाचायची दिशा उलटी."

इथे मात्र मला कान टवकारावे लागले, कारण हा विषय माझा होता. आपण २५ लिहितो तेव्हा आधी दोन लिहितो, पण म्हणतो 'पंचवीस', म्हणजे आधी पाच. लिहिताना मोठे घर आधी, बोलताना लहान घर आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ झाले होते ते वाचकांना आठवत असेल. मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास होतो म्हणून ते केले होते. लोकांना वाटले आमची भाषाच बदलली. प्रोसेसरांतही हे दोन पंथ आहेत. मोठी संख्या चार घरांत मांडायची तर काही जाती मोठे घर आधी ठेवतात, काही लहान घर आधी. एका पंथाने लिहिलेला 'एक' दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचला की त्याचे एक कोटी सदुसष्ट लाख होतात. दोघेही खोटे बोलत नसतात. रेल्वेचे नशीब असे की व्हॅक्स, अल्फा आणि ओपन व्हीएमएस चालवणारा इटेनियम हे तिन्ही एकाच पंथाचे, लहान घर आधीवाले. भाच्याच्या गिऱ्हाइकाचे जुने यंत्र दुसऱ्या पंथाचे निघाले.

"बरं झालं चाचणीतच कळलं," ताई म्हणाली.

"चाचणी म्हणूनच करतात, आई. पण आम्ही एकूण बेरीज पाहिली होती ती खात्यांच्या संख्येची. रकमेची बेरीज दुसऱ्या दिवशी पाहणार होतो. एका रात्रीचा फरक."

ओसरीवर क्षणभर कुणी बोलले नाही. मग आबा उठले, आत गेले आणि लाल कापडात बांधलेली एक जुनी खातेवही घेऊन आले. जिनिंगची नव्हे, आमच्या घरची. त्यांच्या नोकरीत दरवर्षी दिवाळीला वहीपूजन होई. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाई. पण त्याआधी, आबांनी सांगितले, जुन्या वहीतली प्रत्येक खात्याची बाकी नव्या वहीत ओढायची. एकाने ओढायची, दुसऱ्याने स्वतंत्रपणे बेरीज करायची. दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय पूजा नाही. आणि जुनी वही जाळायची नाही, फाडायची नाही; निदान वर्षभर हाताशी ठेवायची, कारण फेब्रुवारीत एखादा शेतकरी येऊन म्हणतो, माझे अमुक राहिले होते.

भाचा ती वही चाळत म्हणाला, "आबा, आमचं सगळं शास्त्र हेच आहे. फक्त तुमचं दुकान पूजेच्या दिवशी बंद असायचं."

फरक तेवढाच, पण तो फार मोठा आहे. रेल्वेचे आरक्षणाचे दुकान बंद करून वही बदलता येत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरपासून आरक्षण साठ दिवस आधी मिळते. त्यापूर्वी एकशेवीस दिवस आधी मिळत असे. म्हणजे कुठल्याही रात्री यंत्र बदलायचे म्हटले तरी त्याच्या पोटात पुढल्या साठ दिवसांची वचने असतात. लग्नाला जाणारे वऱ्हाड, इस्पितळात जाणारा रोगी, परीक्षेला जाणारी मुलगी. ती वही कधीच कोरी होत नाही. इंटरनेटवरची विक्री मध्यरात्रीच्या सुमारास, पावणेबारापासून बारा वीसपर्यंत, थांबते. जगाच्या नजरेआड काही करायचे तर रोजची मोकळीक एवढीच, पस्तीस मिनिटांची. म्हणून शहाणी माणसे एका रात्रीत उडी मारीत नाहीत. नवे यंत्र जुन्याच्या शेजारी ठेवतात, तेच काम दोघांना देतात, उत्तरे ताडून पाहतात, आणि मग थोडा थोडा भार पलीकडे सरकवतात. परत फिरायची वाट शेवटपर्यंत उघडी ठेवतात.

"मग माझ्या नातवाचं तिकीट?" आबा मूळ प्रश्नावर आले. हिशेबनीस मूळ प्रश्न विसरत नाही.

"तुमच्या वहीतल्या शेतकऱ्याची बाकी जशी नव्या वहीत यायची, तसं ते नव्या यंत्रात गेलं पाहिजे. नंबर तोच, डबा तोच, बर्थ तोच. नवं यंत्र चौपट वेगाचं असलं अन् हे एक तिकीट हरवलं, तर आमचं काम फसलं."

मला हे फार पटले. नव्याच्या बातमीत आपण वेग ऐकतो, क्षमता ऐकतो. जुन्याने दिलेली वचने नव्याने पाळली की नाहीत, हे बातमीत येत नाही. ते फक्त रात्री दीड वाजता फलाटावर सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कळते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताई आणि भाचा निघाले. पुलगावपर्यंत मोटारीने सोडायला मी आणि आबा गेलो. वाटेत आबा खिडकीतून बाहेर पाहत होते. आर्वीची छोटी गाडी आता धावत नाही. ब्रॉडगेज करा, ब्रॉडगेज करा, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. गाडी होती तोवर "चालते आहे ना" म्हणून काम राहिले, आणि मग गाडीच राहिली नाही.

"त्या यंत्रांचं दोनदा बिऱ्हाड हललं, म्हणून ती जगली," आबा म्हणाले. "आपल्या गाडीचं एकदाही हललं नाही."

मोटारीत कुणी उत्तर दिले नाही. पुलगावच्या फलाटावर गाडी वेळेवर आली. भाचा डब्यात चढला, आपला बर्थ शोधून खिडकीशी आला, आणि आबांनी बाहेरून मोठ्याने विचारले, "मिळाला का रे तोच?"

"तोच आबा!" आतून उत्तर आले. आबांनी खिशातून कागद काढला, त्यावर लिहून आणलेला डब्याचा आणि बर्थचा आकडा खिडकीवरच्या आकड्याशी ताडून पाहिला, आणि मगच हात हलवला.